पहिली चार मिनिटे : शिंदे घाटावरील काम आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण

वाराणसीतील मणिकर्णिका घाटाच्या उत्तरेला लागूनच शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधवून घेतला. त्याच्या दगडी बांधकामाचा भार नदीकाठच्या मातीला पेलवला नाही आणि काही भाग खचला, असे सांगितले जाते. पायथ्याशी एका बाजूला कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही उभे असून वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात आणि गाळात असतो. बहुतेक यात्रेकरूंना हा घाट या कललेल्या मंदिरामुळेच परिचित आहे. मात्र अनेकांच्या दृष्टीने शिंदे घाट आणि त्याचा शेजार ही रोजच्या कामाची जागा आहे.

कामाच्या जागेवरील प्रथमोपचार म्हटले की कारखाना, यंत्रे आणि भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी डोळ्यांपुढे येते. घाटाला भिंती नाहीत, हजेरीपट नाही आणि अनेकदा मालकही नाही. तरीही येथे काम करणाऱ्याच्या हाती रोज इतरांचे प्राण असतात. नदीत पडलेल्या माणसाजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो नावाडी. त्याला प्रथमोपचाराचे आणि त्यातही बुडालेल्या व्यक्तीवरील प्रथमोपचाराचे शिक्षण मिळाले आहे की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

घाट हीच कामाची जागा

पहाटेपूर्वीच घाटावर कामाला सुरुवात होते. निषाद आणि मल्लाह समाजातील नावाडी यात्रेकरूंना नावेतून घाटदर्शन घडवतात. पायऱ्यांवर छत्रीखाली बसणारे घाटिये, फुले व दिवे विकणारे, नावांची डागडुजी करणारे सुतार हे सर्व पाण्यापासून काही पावलांवर काम करतात. दक्षिणेकडे मणिकर्णिकेवर लाकडाच्या वखारी आहेत. तेथे जड ओंडके उतरवणारे हमाल आणि चितांजवळ काम करणारे डोम समाजातील कामगार अहोरात्र राबतात. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर साचलेला गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन काढणारे सफाई कामगार येतात. बुडणे, भाजणे, घसरून पडणे, जखमा, उष्माघात आणि विजेचा धक्का असे धोके या लहानशा पट्ट्यात एकत्र आले आहेत.

गंगेची पातळी वाराणसीत ७१.२६२ मीटरला धोक्याची खूण ओलांडते. १९७८ च्या महापुरात ती ७३.९०१ मीटरपर्यंत गेली होती. पावसाळ्यात एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाणारी वाट पाण्याखाली जाते आणि नौकानयनावर बंदी येते. उरलेल्या काळातही पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि शेवटच्या पायरीनंतर तळ एकाएकी खोल जातो. पोहता न येणाऱ्या यात्रेकरूला याची कल्पना नसते.

घाटामागची वस्ती हाही या प्रश्नाचा एक भाग आहे. शिंदे घाटावरून वर जाणाऱ्या गल्ल्या अरुंद आहेत आणि त्यांतून रुग्णवाहिका पाण्यापर्यंत येऊ शकत नाही. कबीरचौरा येथील विभागीय रुग्णालय गाठण्यासाठी रुग्णाला आधी गल्ल्यांमधून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागते. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी तत्काळ केला, तरी मदत येईपर्यंतचा काळ घाटावरील माणसांनाच निभावून न्यावा लागतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ११ वी तुकडी वाराणसीत आहे आणि जल पोलीसही नदीवर गस्त घालतात. पण प्रत्येक घाटावर, प्रत्येक क्षणी प्रशिक्षित जवान उभा असणे शक्य नाही. नावाडी मात्र तेथे असतोच.

कायदा काय सांगतो?

कामाच्या जागी प्रथमोपचाराची सोय असावी, ही कल्पना भारतीय कायद्याला नवी नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवणे बंधनकारक होते. या कलमातील दुसरी अट अधिक महत्त्वाची होती. पेटीचा ताबा अशा जबाबदार व्यक्तीकडे असावा, जिच्याजवळ राज्य सरकारने मान्य केलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आहे आणि जी कामाच्या वेळात सदैव उपलब्ध आहे, असे कायदा सांगत होता. ५०० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्षही आवश्यक होता. पेटी आणि ती वापरू शकणारा माणूस या दोन्ही गोष्टी मिळूनच प्रथमोपचाराची सोय होते, हे त्या कलमाचे सार होते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि कारखाने अधिनियमासह अनेक जुने कायदे तिच्यात सामावले गेले. प्रथमोपचार पेट्या आणि मोठ्या आस्थापनांतील रुग्णवाहिका कक्ष यांची तरतूद या संहितेतही आहे. परंतु अशा तरतुदींचा पाया मालक आणि कामगार यांच्या नात्यावर उभा असतो. स्वतःची नाव स्वतः वल्हवणाऱ्याला मालक नसतो. दुसऱ्याची नाव दिवसाच्या हिश्श्यावर चालवणाऱ्यासाठी प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा, हे सहसा कोणी विचारत नाही.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये जलयानांची नोंदणी, चालकांची पात्रता आणि जीवरक्षक साधने यांचा विचार केलेला आहे. जीवरक्षक जाकीट ही अत्यंत उपयुक्त वस्तू आहे आणि ती नावेतील प्रत्येकाच्या अंगावर असलीच पाहिजे. पण जाकीट न घालता पायरीवरून घसरलेल्या माणसाला जेव्हा नावेत ओढून घेतले जाते आणि त्याचा श्वास थांबलेला असतो, तेव्हा कोणतेही साधन आपोआप काम करीत नाही. तेथे शिकलेले हातच लागतात.

बुडणाऱ्या माणसाचे काय होते?

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हे चित्रपटांतील दृश्य प्रत्यक्षात क्वचितच दिसते. श्वास घेण्याची धडपड करणाऱ्याला हाक मारण्याइतकी हवाच मिळत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होत राहते, हात पाण्यावर दाबले जातात आणि काही क्षणांत माणूस आवाज न करता पाण्याखाली जातो. शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकांच्याही ते ध्यानात येत नाही. म्हणूनच गप्प झालेल्या माणसाकडे लक्ष ठेवणे हा घाटावरील प्रशिक्षणाचा पहिला धडा ठरतो.

पाणी श्वसनमार्गात शिरू लागले की रक्तातील प्राणवायू झपाट्याने कमी होतो. माणूस बेशुद्ध पडतो, श्वास थांबतो आणि त्यानंतर काही वेळाने हृदय बंद पडते. प्राणवायूविना साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. श्वास थांबलेला आहे पण हृदय अजून सुरू आहे, अशा अवस्थेत कोणी श्वास दिला तर माणूस परतण्याची शक्यता बरीच असते. हृदयही थांबल्यावर ही शक्यता दर मिनिटाला घटत जाते. रुग्णालयातील उत्तम उपचारही या पहिल्या मिनिटांची भरपाई करू शकत नाहीत.

पोटातील पाणी काढण्याचा घातक समज

नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काही उपाय आहेत. बुडालेल्या मुलाला पाय धरून उलटे टांगणे, खांद्यावर पालथे टाकून धावणे, गरगर फिरवणे, पोटावर जोराने दाब देणे हे सर्व पाणी बाहेर काढण्याच्या हेतूने केले जाते. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि तोंडातून पाणी आले की उपाय लागू पडल्याचा भास होतो.

प्रत्यक्षात बाहेर येणारे पाणी बहुधा पोटातील असते. पोटावर दाब पडल्याने ते अन्नासह घशात येते आणि श्वासनलिकेत शिरून स्थिती आणखी बिघडू शकते. फुप्फुसांत गेलेले पाणी सहसा थोडे असते आणि ते काढत बसण्याची गरज नसते. त्या क्षणी गरज असते ती फुप्फुसांत हवा पोहोचवण्याची. पाणी काढण्यात गेलेली दोन-तीन मिनिटे हीच खरे तर रुग्णाच्या हातातील मिनिटे असतात. तोंडातून फेस येत असेल तर तो पुन्हापुन्हा पुसत बसण्यापेक्षा श्वास देणे सुरू ठेवावे, असे पुनरुज्जीवनशास्त्र सांगते. उलटी झाल्यास मात्र रुग्णाला कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि लगेच पुन्हा काम सुरू करावे.

छातीवर दाब की तोंडाने श्वास?

गेल्या काही वर्षांत भारतात सीपीआर हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत मांडली. ती कोल्स या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. अनोळखी व्यक्तीच्या तोंडाला तोंड लावण्यास लोक कचरतात आणि त्यामुळे काहीच करीत नाहीत, ही अडचण तिच्यामुळे दूर होते. हृदयविकाराने अकस्मात कोसळलेल्या प्रौढ माणसासाठी ही पद्धत योग्य आहे, कारण कोसळण्याच्या क्षणी त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. छातीवरील दाबाने ते रक्त मेंदूपर्यंत फिरते राहते.

बुडालेल्या माणसाचे तसे नसते. त्याच्या रक्तातील प्राणवायू आधीच संपलेला असतो. ते रक्त नुसते फिरवल्याने मेंदूला फारसे काही मिळत नाही. म्हणून बुडण्याच्या घटनेत आधी श्वास आणि मग छातीवरील दाब, असा क्रम आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दिलेला आहे. युरोपीय पद्धतीत सुरुवातीला पाच श्वास देण्यास सांगितले जाते, तर अमेरिकन पद्धतीत दोन. त्यानंतर छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाब आणि दोन श्वास, हे चक्र चालू ठेवायचे असते. प्रौढ माणसाची छाती सुमारे पाच ते सहा सेंटीमीटर खाली जावी आणि दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० असावी. ज्याला श्वास देता येत नाही, त्याने निदान छातीवर दाब द्यावा. काहीच न करण्यापेक्षा ते निश्चित चांगले.

एखाद्या कार्यालयात शिकवलेला अर्ध्या तासाचा सीपीआरचा धडा जसाच्या तसा घाटावर आणला, तर त्यात नेमकी घाटाला हवी असलेली गोष्ट नसण्याची शक्यता असते. गिरणीत यंत्रात बोट सापडण्याचा धोका, रासायनिक कारखान्यात डोळ्यांत द्रव उडण्याचा, तर नदीवर श्वास थांबण्याचा. प्रशिक्षणाने त्या त्या जागेच्या धोक्यापासून सुरुवात केली, तरच ते कामाच्या जागेचे प्रशिक्षण ठरते.

वाचवणाऱ्याचा जीवही मोलाचा

बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणारा स्वतःच बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातील धरणे, खदानी आणि समुद्रकिनाऱ्यांवरून येत असतात. घाबरलेला माणूस हाती लागेल त्याला घट्ट मिठी मारतो आणि पट्टीचा पोहणाराही त्या मिठीतून सुटू शकत नाही. त्यामुळे प्रशिक्षणात उडी घेण्याला शेवटचे स्थान असते. आधी काठावरून बांबू, वल्हे किंवा उपरणे पुढे करावे. ते पोहोचत नसेल तर दोरी, हवा भरलेली ट्यूब किंवा रिकामा प्लास्टिकचा डबा फेकावा. तेही शक्य नसेल तर नाव जवळ न्यावी. यांत्रिक नाव असल्यास माणसाजवळ पोहोचताच इंजिन बंद करावे, कारण पाण्याखालचा पंखा गंभीर इजा करू शकतो.

नावाड्याला पाणी, प्रवाह आणि नाव यांचे ज्ञान उपजत म्हणावे इतके असते. ते त्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. नदीतून माणूस काढण्याचे निम्मे काम तो आधीच जाणतो. राहिलेले निम्मे, म्हणजे काढल्यानंतर काय करायचे, एवढेच शिकवायचे असते. नावेच्या आडव्या फळ्यांमध्ये रुग्णाला सपाट कसे निजवायचे, दुसऱ्या माणसाने नाव काठाला नेत असताना पहिल्याने श्वास कसा द्यायचा, काठावर येताच कठीण दगडावर ठेवून छातीवर दाब कसा द्यायचा, या गोष्टी प्रत्यक्ष नावेतच शिकवाव्या लागतात. सभागृहातील फरशीवर त्या समजत नाहीत.

रुग्ण शुद्धीवर आला म्हणजे काम संपले, असेही नाही. श्वास सुरू असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवावे, ओले कपडे काढून अंग कोरडे करावे आणि पांघरूण घालावे. पाणी श्वसनमार्गात गेलेल्या व्यक्तीला खोकला किंवा धाप असेल, तर त्याला बरे वाटत असले तरी रुग्णालयात नेणे आवश्यक आहे. पुढील काही तासांत त्याची प्रकृती बिघडू शकते.

आग, ऊन आणि जखमा

घाटावरील धोके पाण्यापुरते मर्यादित नाहीत. वाराणसीतील डिझेलवर चालणाऱ्या अनेक नावा २०२१ नंतर सीएनजीवर आणण्यात आल्या आणि खिडकिया घाटावर, म्हणजे सध्याच्या नमो घाटावर, तरंगते सीएनजी केंद्र उभारले गेले. धूर आणि आवाज कमी झाला. त्याचबरोबर वायूची गळती ओळखणे, आग लागल्यास पुरवठा बंद करणे आणि भाजलेल्याला प्रथमोपचार देणे हेही नावाड्याच्या कामाचा भाग झाले आहे. चितांजवळ काम करणाऱ्यांना तर भाजण्याचा धोका नित्याचाच असतो.

भाजलेल्या जागी हळद, तूप किंवा दंतमंजन लावण्याची सवय सर्वत्र आढळते. यामुळे उष्णता आतच कोंडली जाते आणि पुढे जखम तपासणेही कठीण होते. भाजलेला भाग शक्य तितक्या लवकर स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा, बर्फ लावू नये आणि नंतर स्वच्छ कापडाने सैल झाकावा, एवढे लक्षात ठेवणे पुरेसे असते. कुऱ्हाडीने किंवा ओंडक्याने झालेल्या जखमेतून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड ठेवून थेट आणि सतत दाब द्यावा. वारंवार कापड उचलून पाहिल्यास गोठू लागलेले रक्त पुन्हा वाहू लागते.

मे आणि जून महिन्यांत वाराणसीचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि दगडी पायऱ्या तापतात. उष्माघातात माणूस असंबद्ध बोलू लागतो, अडखळतो आणि बेशुद्ध पडतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतणे आणि वारा घालणे हा तातडीचा उपाय आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालणे मात्र धोक्याचे असते. पुरानंतर गाळ काढताना विजेचा पंप वापरणाऱ्या कामगारांनी शॉक बसलेल्या सहकाऱ्याला हात लावण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा, हा नियमही पाठ असायला हवा.

ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांवरून

सामान्य माणसाला जीव वाचवण्याचे शिक्षण द्यावे, ही कल्पनाच मुळात पाण्याकाठी जन्मली. कालव्यांच्या ॲम्स्टरडॅम शहरात १७६७ मध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. बुडालेला माणूस मेलाच असे समजून त्याला सोडून देऊ नये, हा तिचा आग्रह होता. नागरिकांसाठी तिने सूचना प्रसिद्ध केल्या आणि प्राण वाचवणाऱ्यास पारितोषिके दिली. १७७४ मध्ये लंडनमध्येही तशीच संस्था उभी राहिली. त्या काळच्या सूचनांमध्ये तोंडाने हवा फुंकण्याचा उपाय होता. तसाच गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडण्याचाही होता. दुसरा उपाय काळाच्या ओघात निरर्थक ठरला. पहिल्याचे महत्त्व मात्र १९५० च्या दशकात डॉ. पीटर साफर यांच्या प्रयोगांनी शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध केले. १९६० मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील संशोधकांनी छातीवरील दाबाची पद्धत मांडली आणि या दोहोंच्या संयोगातून आजचे सीपीआर घडले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ आणि २०२२ या प्रत्येक वर्षी बुडून मृत्यू पावलेल्यांची संख्या ३५ हजारांहून अधिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिवस म्हणून घोषित केला. जवळच्या लोकांना सुरक्षित बचाव आणि पुनरुज्जीवन शिकवणे, हा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या उपायांपैकी एक आहे.

पोलिसांची भीती

मदतीला पुढे न येण्यामागे आणखी एक कारण असते. रुग्ण दगावला तर पोलीस आपल्यालाच विचारतील, ही ती भीती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात तसे कलमही आले. ही तरतूद रस्ते अपघातांपुरती आहे. तथापि एखाद्याच्या हितासाठी, त्याची संमती मिळणे शक्य नसताना, सद्‌भावनेने केलेल्या कृतीला फौजदारी कायद्यात पूर्वीपासून संरक्षण आहे. भारतीय दंड संहितेतील ९२ व्या कलमाची ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३० व्या कलमात आहे. प्रशिक्षणात दहा मिनिटे या माहितीसाठी राखून ठेवली, तर संकोच बराच कमी होऊ शकतो.

प्रशिक्षण कसे असावे?

प्रथमोपचाराचे कौशल्य सायकल चालवण्यासारखे आयुष्यभर टिकत नाही. सराव नसेल तर काही महिन्यांतच हात चुकू लागतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यामुळे एकदाच शिबिर घेऊन प्रमाणपत्रे वाटण्यापेक्षा वर्षातून दोनदा तासाभराची उजळणी अधिक उपयोगी ठरते. शिकवण्याची भाषा नावाड्यांची रोजची भोजपुरी किंवा हिंदी असावी. प्रत्येकाने पुतळ्यावर स्वतः श्वास देऊन आणि दाब देऊन पाहावा. नुसते व्याख्यान ऐकून छाती किती खाली दाबायची हे कळत नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि भारतीय रेडक्रॉस यांसारख्या संस्था असे शिक्षण दीर्घकाळ देत आल्या आहेत, तसेच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही नागरिकांसाठी सीपीआरची प्रात्यक्षिके करते.

अडचण वेळेची आणि रोजगाराची आहे. कार्तिक पौर्णिमा, देवदिवाळी किंवा महाशिवरात्रीच्या सुमारास नावाड्याला दिवसभराची कमाई सोडून शिबिराला बसणे परवडणारे नसते. पूर आला की मात्र नावा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवाव्या लागतात. हाच काळ प्रशिक्षणासाठी सोयीचा आहे. पण याच काळात घरात उत्पन्नही नसते. त्या दिवसांचा भत्ता देऊन प्रशिक्षण घेतले आणि परवान्याच्या नूतनीकरणाशी त्याची सांगड घातली, तर मालक नसलेल्या कामगाराच्या बाबतीत मालकाचे कर्तव्य समाजाने पार पाडल्यासारखे होईल. प्रत्येक घाटावर दोरी, ट्यूब, श्वास देण्यासाठीचा साधा मुखवटा आणि प्रथमोपचार पेटी एका ठरलेल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवणे हा त्याचाच पुढचा भाग होय. पेटीला कुलूप लावू नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही ते सांगावे लागते.

महाराष्ट्रासाठी धडा

हा विषय महाराष्ट्रालाही तितकाच लागू पडतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. या अपघातात १५ जणांचा मृत्यू झाला आणि शंभराच्या आसपास लोकांना वाचवण्यात यश आले. आसपासच्या बोटींनी तातडीने घेतलेली धाव या बचावकार्यात मोलाची ठरली. समुद्र असो वा नदी, जो आधीपासून तेथे आहे तोच पहिला मदतनीस ठरतो, हे या घटनेतून दिसून आले.

पंढरपूरच्या चंद्रभागेत वारकऱ्यांना पैलतीरी नेणारे कोळी बांधव, कोकणातील खाड्यांवरील तरी चालवणारे, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना नेणारे बोटचालक आणि नाशिकमध्ये गोदावरीकाठी काम करणारे जीवरक्षक यांची स्थिती शिंदे घाटावरील नावाड्यापेक्षा फार वेगळी नाही. २०२७ मधील नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थासारख्या पर्वकाळात लाखो भाविक एकाच वेळी पाण्याकाठी येतात. अशा वेळी बाहेरून आणलेल्या पथकांइतकेच काठावरच्या फुलवाल्याचे, पुरोहिताचे आणि नावाड्याचे शिक्षण उपयोगी पडते. पर्व संपून पथके परत गेल्यावरही हे लोक तेथेच राहणार असतात.

काशीत मराठी राज्यकर्त्यांनी आणि दात्यांनी घाट बांधले ते यात्रेकरूला पाण्यापर्यंत सुखरूप उतरता यावे म्हणून. दगडाच्या पायऱ्यांनी ते काम शतकानुशतके केले आहे. त्याच पायऱ्यांवर काम करणाऱ्या माणसांना श्वास देण्याची आणि रक्त थांबवण्याची विद्या मिळाली, तर पाण्यात उतरलेला माणूस सुखरूप वर येण्याची शक्यताही वाढेल. त्यासाठी नव्या बांधकामाची गरज नाही. काही तासांचे शिक्षण, त्याची नियमित उजळणी आणि त्या तासांचा मोबदला एवढी तरतूद पुरेशी आहे.